दिवेलागणीआधीचं जेवण

थंडी पडली की नागपुरात भूक वेगळीच लागते. उन्हाळाभर नुसत्या पन्ह्यावर आणि कांद्यावर दिवस काढणारं पोट दिवाळी सरली की जागं होतं आणि हट्ट करायला लागतं. मनीषनगरच्या या गॅलरीत मी सकाळी शाल पांघरून उभी राहते तेव्हा खाली गाडीवाला तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग रचत असतो. त्याच्या बाजूला मेथी, लसणाची पात, जांभळी काटेरी वांगी. संत्र्यांची गाडी अजून दिसत नाही, पण कोपऱ्यावर आली आहे हे वासानं कळतं. आयुष्यात इतक्या थंड्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. एक मात्र अजून वेगळी उभी आहे. ती माझ्या सासूच्या उपासाची थंडी. उपास हा लोकांचा शब्द. त्या उपाशी नव्हत्या.

लग्न होऊन मी सक्करदऱ्याला आले तेव्हा तो भाग गावाच्या कडेलाच होता. देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. सकाळी तलावावरून धुकं सरकत घरापर्यंत यायचं आणि दुपारी त्याच तलावातले शिंगाडे उकडून विकायला यायचे. आमचं घर विणकरांचं. पुढच्या खोलीत दोन माग होते, जमिनीत खड्डा खणून बसवलेले. विणणारा काठावर बसून पाय खड्ड्यात सोडायचा. एका मागावर मामाजी, म्हणजे माझे सासरे, बसत. दुसरा माझ्या नवऱ्याचा, पण त्यांनी तो सोडून गिरणीत नोकरी धरली होती आणि त्या मागावर आता तुरीची पोती ठेवलेली असत. मामाजी त्या पोत्यांकडे बघत नसत.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणत. माझ्या आत्याबाईंचं अंग मोठं होतं. चौकटीतून आत येताना त्या थोड्या तिरप्या होत, पाटावरून उठताना भिंतीचा आधार घेत. ते कोणाला खटकत नव्हतं. खात्यापित्या घरची बाई अशीच असायची, असं बाया कौतुकानं म्हणत. मीही तसंच समजत होते.

त्या वर्षी संत्री नुकती बाजारात आली होती. एका सकाळी सुताला लावायच्या खळीचं भांडं चुलीवरून उतरवताना आत्याबाई मटकन खाली बसल्या. तोंड पांढरं पडलं होतं. मी धावले तर म्हणाल्या, "काई नाई. होते कधी कधी." पोटावर घट्ट धरलेला हात त्यांनी काढला नाही. मग दार लोटून घ्यायला लावलं आणि लुगडं सैल करून दाखवलं. बेंबीजवळ लिंबाएवढी गाठ वर आली होती. किती दिवसांची ते त्यांनी सांगितलं नाही. मामाजींनाही ती ठाऊक नव्हती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार बोलत नसत. त्यांनी गाठ हलक्या हातानं आत दाबली, ती गेली, आत्याबाई खोकल्या, ती पुन्हा आली. "आतडं बाहेर येतंय," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन करावं लागेल. पण आज केलं तर एवढ्या चरबीत टाके धरायचे नाहीत. उन्हाळ्यात मला करायचं नाही, जखमा चिघळतात. थंडीच्या चार महिन्यांत वजन उतरवा. थंडी संपता संपता करू."

"आणि नाही केलं तर?" मी विचारलं.

"एखाद्या दिवशी आतडं अडकेल. मग वेळ मिळणार नाही."

आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलणं चाललं होतं. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाल्या, "थंडीतच सांगा लागते का इले. खायाचे दिवस हेच तं आहेत."

ते खरंच होतं. आमच्या स्वयंपाकाची सगळी ऐट थंडीत दिसे. रश्शावर जवसाच्या तेलाची लाल तर्री बोटभर तरंगली नाही, तर पाहुण्याला कमी लेखल्यासारखं वाटायचं. पाटवडी, वडाभात, गोवऱ्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि त्यावर कच्च्या तेलाची धार. शेतावरच्या नातलगांकडून हुरडा यायचा, त्याच्याबरोबर गूळ यायचा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या. तेल कमी, गोड बंद, भात थोडा, भाजी भरपूर, संत्री-पेरू हवे तेवढे, रोज चालणं, आणि संध्याकाळचं जेवण अंधार पडायच्या आत. आज माझी सून याच गोष्टी मोबाइलमधून वाचून दाखवते आणि मी मान हलवते. ऐकायला सोप्या आहेत. घरात आणायच्या म्हटल्या की एकेका गोष्टीला माणसं चिकटलेली असतात.

पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट दिसली. आत्याबाई ताटात फार घेत नव्हत्या. पुरुषांची जेवणं झाल्यावर आम्ही बसायचो तेव्हा त्यांच्यापुढे एक भाकर आणि वाटीभर वरण असायचं. पण त्याच्या आधी रस्सा चाखून झालेला असे, आणि नंतर भांडी घासायला काढायच्या वेळी त्या पातेल्याशी बसत. तळाचा भात, उरलेली अर्धी भाकर, कढईच्या कडेला राहिलेलं तेल-तिखट, सगळं पुसून खात. ते जेवण नव्हतं. ते आवरणं होतं.

मी एकदा तुरीच्या शेंगा सोलताना विचारलं, की उरलं तर गाईला घालू, तुम्ही कशाला खाता.

त्यांनी सोलणं थांबवलं नाही. "लढाईच्या दिवसात सूत भेटत नव्हतं," त्या म्हणाल्या. "माग बंद. तुह्या मामाजीनं रोजानं माती वाहिली. मी पोराइले भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून देऊन राहिली होती, म्हणजे जास्त वाटंल. तवा गाय नव्हती आपली. असती तं तिनं भी काई पाह्यलं नसतं."

दुसऱ्या दिवसापासून मी पीठच कमी भिजवायला लागले आणि भात मोजून लावायला लागले, म्हणजे उरायलाच नको. ते मी त्यांना न विचारता केलं. घरात नवी आलेली सून धान्याच्या कोठीत हात घालून माप ठरवते, हे तेव्हा लहान धाडस नव्हतं. आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कोठीची किल्ली त्यांनी स्वतःच माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "घे. माह्याजवळ राहिली तं माहा हात जाते."

चालण्याचं मात्र जमेना. काम नसताना रस्त्यानं चालणारी बाई कोणी पाहिली आहे का, असं त्यांचं म्हणणं. तलावाला फेरी मारून या म्हटलं तर त्या हसल्या. "लोक विचारतील, काय हरवलं वं बाई." यातून वाट निघाली ती मामाजींमुळे. विणायच्या आधी सूत गल्लीत लांबच्या लांब ताणून त्याला खळ लावतात आणि मोठ्या कुंच्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत विंचरत नेतात. त्याला पाजणी म्हणतात. दोघं लागतात, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. आत्याबाईंनी अंग जड झाल्यापासून ते सोडलं होतं आणि मामाजी शेजारच्या माणसाची मदत घेत. एका सकाळी मामाजी कुंचा घेऊन दारात उभे राहिले आणि आत बघत म्हणाले, "तो आज येत नाई म्हणते. चाल."

तो माणूस समोरच्या ओट्यावर बिडी ओढत बसला होता. आत्याबाईंनी त्याला पाहिलं, मामाजींना पाहिलं, आणि पदर खोचून बाहेर आल्या. त्यानंतर तो माणूस कधीच आला नाही.

त्या सकाळी मला चांगल्या आठवतात. धुक्यात ताणलेलं पांढरं सूत, त्याच्या दोन बाजूंना दोन म्हातारी होत चाललेली माणसं, आणि ओल्या खळीचा आंबूस वास. सुरुवातीला त्या मध्येच थांबायच्या, कमरेवर हात ठेवायच्या. मामाजीही थांबायचे आणि उगाच एखादा तुटलेला धागा जोडत बसायचे. पौष लागेपर्यंत त्या न थांबता टोकापर्यंत जायला लागल्या होत्या.

सगळ्यांत अवघड ठरलं ते अंधाराआधी जेवणं. आमच्याकडे बाया शेवटी जेवत. मामाजी कंदील लागेपर्यंत मागावर असत, आणि यांची, माझ्या नवऱ्याची, गिरणीतून यायची वेळ ठरलेली नसे. सगळं आटोपून आम्ही ताटावर बसेपर्यंत भाकरी वातड आणि रस्सा थंड झालेला असे. नवऱ्याच्या आधी जेवायचं, ही गोष्ट आत्याबाईंच्या जिभेवरही येत नव्हती. शेवटी मीच मामाजींसमोर उभी राहिले. पदर सारखा केला आणि मागाच्या चौकटीकडे बघत सांगितलं, की डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंना दिवस मावळायच्या आत जेवायला सांगितलं आहे.

मामाजींनी धोटा एकदा इकडून तिकडे फेकला. "मंग?"

"त्या तुमच्याआधी बसत नाहीत."

त्यांनी आत आवाज टाकला. "डॉक्टरनं सांगितलं न तुले? मंग जेव. माहं काय, मी काय लहान लेकरू हाओ का."

आत्याबाई ताटापुढे बसल्या. घास घेईनात. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एकटीच्यानं नाई होत वं विमल. तू भी बस."

लग्नानंतर मी पहिल्यांदा ऊन भाकर खाल्ली ती त्या दिवशी. खिडकीतून उतरतीचं पिवळं ऊन आत येत होतं, पुढच्या खोलीत माग चालू होता, आणि आम्ही दोघी चोरी केल्यासारख्या भरभर जेवत होतो. नंतर नंतर भरभर खाणं थांबलं. घास चावून खावा, पोट भरलं की उठावं, हे मला कोणी शिकवलं नाही. उजेडात बसून खाल्लं की ते आपोआप येतं, असा माझा अनुभव.

गल्लीला हे दिसत होतंच. शेजारच्या शेवंताबाई विहिरीवर मला म्हणाल्या, "सासूले उपाशी ठेवून राहिली म्हणते तू. किल्ल्या भी तुह्याजवळ हायेत म्हणे." मी म्हटलं, दवाखान्याचं आहे. त्या म्हणाल्या, "दवाखान्याचं तं सगळेच म्हणतात." मी घागर उचलून आले. मला वाईट वाटलं ते शेवंताबाईंचं नाही. एके दुपारी ओट्यावर बायांमध्ये बसलेल्या आत्याबाईंना मी आतून ऐकलं. कोणीतरी विचारलं, काहून वं, चेहरा उतरला तुहा. आणि आत्याबाई उसासा टाकून म्हणाल्या, "आता काय, जे देते ते खातो."

आज त्याचा राग येत नाही. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलं, तिला कोणीतरी थोडी कीव दिली तर ती घ्यावीशी वाटणारच. पण तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची होते. कोठीचं दार जरा जोरात लावलं एवढंच.

त्याच सुमारास एका दुपारी त्या कोठीत सापडल्या. किल्ली मीच विसरून दारालाच ठेवली होती. पाठमोऱ्या उभ्या होत्या, हातात गुळाचा खडा, आणि खाण्यात अशी घाई की लहान मूल वाटावं. मी परत फिरले आणि अंगणात विनाकारण भांडी वाजवत बसले. संध्याकाळी ताटावर बसल्यावर त्यांनी भाकर बाजूला सारली. "आज नको. दुपारी गूळ खाल्ला." मी बरं म्हटलं. नुसत्या भाजीवर उठल्या. त्यानंतर गूळ खाल्ला की सांगत. सांगावं लागतं म्हणून असेल, पण तो कमी होत गेला.

संक्रांतीला नणंद आली. कुसुमताई उमरेडला दिलेल्या, तिकडेही मागाचंच घर. दारातून आत आल्या, आईला पाहिलं आणि तिथंच थबकल्या. आत्याबाईंच्या बांगड्या तोवर मनगटावरून कोपरापर्यंत घसरायला लागल्या होत्या, गळ्याची हाडं दिसत होती. कुसुमताईंनी माझ्याशी एक शब्द न बोलता पदर बांधला आणि चुलीचा ताबा घेतला. तिळगुळाच्या पोळ्या, वर तूप, वडाभात, तर्रीचा रस्सा. सण होता, मी काही म्हटलं नाही.

आईच्या ताटात पोळीवर पोळी पडली तेव्हा मी म्हटलं, "ताई, एवढं त्यांना चालत नाही."

कुसुमताईंनी तुपाची वाटी खाली ठेवली. "माह्या मायचे हाडं निघाले विमल. उमरेडपर्यंत बोभाटा झाला. तुले हे घर पाहिजे तं सरळ सांग न, तिले काहून मारून राहिली?"

मामाजी ताटावरून उठले नाहीत, पण त्यांचा हात थांबला. हे खाली बघत होते. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या बोलतील असं मला वाटलं होतं. त्या बोलल्या नाहीत. मी कमरेची किल्ली काढून कुसुमताईंच्या पाटाशी ठेवली आणि म्हटलं, "वाढा तुम्ही." मागच्या अंगणात येऊन तुळशीपाशी बसले. ऊन छान पडलं होतं. आकाशात पतंग होते. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आता हे माझं काम राहिलं नाही, एवढंच मनात आलं, आणि त्यात थोडी सुटका होती.

आतलं बोलणं ऐकू येत होतं. कुसुमताई म्हणत होत्या, खा माय, माही शपथ हाय. मग आत्याबाईंचा आवाज, अगदी नेहमीच्या बोलण्याचा.

"कुसुम, हे पोळी एक मी खातो. तू केली म्हणून खातो. बाकीच्या काढ." आणि पुढं म्हणाल्या, "इनं नाई काई केलं. लोकाइले मीच तसं सांगितलं. बरं वाटे. पोटात गाठ हाय माह्या, आतडं अडकलं तं मी मरतो. मले मरायचं नाई. आणखी जगायचं हाय मले."

असं वाक्य मी त्याआधी आमच्या घरातल्या कोणत्याही बाईच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बाया म्हणत, आता काय राहिलं, देवानं डोळे मिटावे. नातवंडं पाहिली की झालं. जगायचं आहे, असं सरळ कोणी म्हणत नसे, जणू ते मागणं खादाडपणाचं होतं. मी तुळशीपाशी बसून ते ऐकलं आणि तशीच बसून राहिले. थोड्या वेळानं कुसुमताई बाहेर आल्या, किल्ली माझ्या मांडीवर ठेवली, आणि शेजारी टेकल्या. "मले कोणी सांगितलं नाई गाठीचं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "त्यांनी सांगू दिलं नाही." आम्ही पतंग बघत बसलो.

त्यानंतर गल्लीतलं बोलणं कमी झालं की माझं ऐकणं कमी झालं, सांगता येत नाही. थंडी हळूहळू ढिली होत होती. तलावावरचं धुकं उशिरा येऊन लवकर जायला लागलं. एक दिवस आत्याबाई लुगडं नेसता नेसता वैतागल्या, निऱ्या पोटाशी मावत नव्हत्या, कापड उरत होतं. मामाजींनी मागावरून वळून पाहिलं. "म्या तं नऊवारच विणलं होतं," ते म्हणाले. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

महाशिवरात्रीच्या पुढं-मागं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं करून आकडा वाचला, पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "बरंच केलंत. करू आता." भूल देण्याआधी आत्याबाईंनी मला एकच विचारलं, घरी रात्रीचं काय केलं आहे. मी सांगितलं, भाजी-भाकर. त्यांनी डोळे मिटले. बाहेरच्या बाकावर मामाजी आणि हे बसले होते. मामाजींचे पाय जमिनीवर सारखे हलत होते, एक खाली, एक वर, मागाच्या खड्ड्यातल्या पावड्यांवर हलतात तसे.

टाके धरले. मध्ये दोन दिवस ताप चढला तेव्हा डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला होता, पण ताप उतरला. पहिल्यांदा पेज पाजली तेव्हा आत्याबाई चार चमचे प्यायल्या आणि पुरे म्हणाल्या. मी आग्रह केला नाही.

पुढं काय झालं तेही सांगायला हवं. वजन पुढच्या काही थंड्यांत थोडं परत आलं. तेल काही पूर्ण सुटलं नाही, सणावाराला तर्री तरंगलीच. पण गाठ परत आली नाही आणि आत्याबाई त्यानंतर पुष्कळ जगल्या, माझी मुलं त्यांच्या हातची भाकर खाऊन मोठी झाली. माणूस खाण्याच्या बाबतीत एकदम बदलतो यावर माझा विश्वास नाही. थोडा सरकतो. मग सरकलेल्या जागीच त्याला बरं वाटायला लागतं.

दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तो दिवस होळीच्या आधीचा. हवेत पळसाची आणि धुळीची ऊब आली होती. गल्लीतल्या बाया येऊन गेल्या, शेवंताबाई वाटीत दही देऊन गेल्या. दिवस कलला तशी मी मऊ भात, पालकाची भाजी आणि माझ्यासाठी भाकर असं मांडलं. आत्याबाईंना उशीला टेकवून बसवलं. आम्ही पहिला घास घेणार तोच पुढच्या खोलीतला माग थांबला.

मामाजी पाय धुऊन आत आले. बाहेर अजून चांगला उजेड होता, धागा दिसत होता, म्हणजे त्यांची उठायची वेळ नव्हती. त्यांनी भिंतीशी उभा केलेला पाट घेतला, आमच्यासमोर मांडला आणि बसले. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते माझ्या ताटात डोकावून म्हणाले, "काय हाय आज?"

मी उठायला लागले, तर आत्याबाईंनी हातानंच बसवलं. अशक्त हात लांब करून त्यांनी टोपल्यातली भाकर घेतली, मधोमध मोडली आणि अर्धी त्यांच्यापुढं ठेवली.

"एवढी खा पहिले," त्या म्हणाल्या. "मंग पाहू."